बोळा कुठे थांबवायचा: विज्ञान आणि कला यांच्या नात्याविषयी

बडोद्याच्याच एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची कन्या बारावीला विज्ञान शाखेत आहे, रसायनशास्त्रात तिला उत्तम गती आहे, आणि आता तिला ललितकलेच्या शिक्षणाकडे वळायचे आहे. तिचे शिकलेले विज्ञान वाया जाईल काय, आणि मुळात विज्ञान व कला यांच्यात काही खरे नाते आहे की ते केवळ सत्कारसमारंभातल्या भाषणांपुरते आहे, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली एकतीस वर्षे बडोद्यात जुन्या चित्रांच्या जतनाचे काम करीत आले आहे. तैलचित्रे, पोथ्यांतील चित्रे, क्वचित भिंतीवरची चित्रे असा हा व्यवसाय आहे. भाषणांतून सांगितले जाणारे नाते, म्हणजे दोन्हींना कल्पनाशक्ती लागते, दोन्ही सत्याचा शोध घेतात वगैरे, खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या विचाराने माझ्या टेबलावरचे एकही काम आजवर सोपे झालेले नाही. म्हणून मी मला ठाऊक असलेल्या जागेवरूनच उत्तर देते, आणि ती जागा म्हणजे कापसाचा बोळा चित्राला टेकतो तो बिंदू.

व्यवसायाच्या चौथ्या वर्षी दांडिया बाजारातल्या एका जुन्या मराठी घराण्यातून माझ्याकडे एक तैलचित्र आले. बडोदेकरी पगडी, खांद्यावरून घेतलेला तांबडा शेला, हातात काठी, असे घराच्या मूळपुरुषाचे बसलेले चित्र होते. त्यावरचे वार्निश चहाच्या अर्कासारखे तपकिरी झाले होते. हे का होते ते समजायला रसायनशास्त्र लागते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि वर्षानुवर्षांनी त्याचे एक घट्ट जाळे बनते, जे सौम्य द्रावकांना, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवांना, दाद देत नाही. वर लावलेले वार्निश मात्र बहुधा झाडाच्या राळेचे असते. तेही प्राणवायू घेऊन पिवळे पडते, पण त्याचे रेणू लहानच राहतात, आणि त्यामुळे योग्य द्रावकात ते विरघळते. खालचा थर विरघळत नाही आणि वरचा विरघळतो, या एवढ्याशा फरकावर जगभरातील चित्रसफाईचा धंदा उभा आहे.

मी नियमाप्रमाणे कोपऱ्यात चाचणी घेतली. व्हाइट स्पिरिट या सौम्य द्रावकात ॲसिटोन या तीव्र द्रावकाचे प्रमाण थोडे थोडे वाढवत, कोणत्या मिश्रणाला राळ सुटते आणि रंग सुटत नाही ते पाहिले, वहीत नोंदले आणि त्या मिश्रणाने सफाई सुरू केली. पार्श्वभूमी झाली, पगडी झाली, चेहरा अर्धा झाला. शेल्याच्या सावलीपाशी आले तेव्हा बोळा गुलाबी झाला. वार्निशाने बोळा पिवळा किंवा तपकिरी होतो. गुलाबी होतो याचा अर्थ रंग येतो आहे. मी हात उचलेपर्यंत रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतली शेल्याची सगळी खोली नाहीशी झाली होती, आणि तिथे नुसता चपटा विटकरी रंग उरला होता.

माझे रसायनशास्त्र चुकलेले नव्हते. चित्रकाराने शेल्याच्या सावलीवर शेवटी पारदर्शक तांबड्याचा एक पातळ हात दिला होता, आणि तो हात देताना रंगात थोडी राळ मिसळली होती, जशी त्या काळचे कितीतरी चित्रकार मिसळत. तो थर रंगही होता आणि रसायनाच्या दृष्टीने वार्निशही होता. कोपऱ्यातल्या चाचणीत तो भेटण्याचे कारणच नव्हते, कारण कोपऱ्यात शेला नव्हता. मात्र ज्याने स्वतः कधी तांबड्या वस्त्राची सावली रंगवली असेल, त्याला खालच्या विटकरी रंगातून अशी खोली मिळत नाही हे बघताक्षणी कळले असते, आणि त्याने शेल्यावर वेगळी चाचणी घेतली असती. मला द्रावकांचा तक्ता पाठ होता. सावली कशी रंगवतात ते मला पुरेसे ठाऊक नव्हते. त्या नाण्याएवढ्या जागेची भर मी नंतर केली, काढता येईल अशा रंगात केली, आणि कागदोपत्री नोंदवूनही ठेवली, पण ती जागा मला आजही दिसते.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. चित्र निम्मे साफ झाले असताना त्या घरातल्या वयोवृद्ध आजी ते पाहायला आल्या. स्वच्छ झालेल्या गालाकडे बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "बाई गं, हे आमचे आबासाहेब नव्हेत. त्यांना अगदी पांढरेफटक करून टाकलेस." मी त्यांना सांगू शकले असते की चित्रकाराने लावलेला रंग हाच आहे, आणि ते खरेही होते. पण साठ-सत्तर वर्षे त्यांनी ज्या चेहऱ्याला नमस्कार केला तो मधाच्या रंगाचा होता. शिवाय एक तांत्रिक मुद्दाही त्यांच्या बाजूने होता. काळाबरोबर खालचे रंगही बदललेले असतात, काही उडालेले असतात, काही अधिक पारदर्शक झालेले असतात. त्यामुळे वार्निश पूर्ण काढल्यावर जे दिसते ते चित्रकाराच्या हातावेगळे झालेले चित्र नसते, ते त्या चित्राचे म्हातारपण असते. आम्ही अखेर चेहऱ्यावर आणि शेल्यावर जुन्या वार्निशाचा पातळ थर राहू दिला. किती पातळ, हे कोणतेही उपकरण सांगत नव्हते.

पूर्ण सफाई की अंशतः सफाई हा वाद आमच्या व्यवसायात जुना आहे. १९४७ साली लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाने युद्धकाळात साफ केलेली चित्रे एकत्र मांडली, तेव्हा त्यावरून वृत्तपत्रांत मोठे काहूर उठले होते. दोन्ही पक्षांकडे शास्त्र जाणणारी माणसे होती आणि दोन्ही पक्षांकडे रसिक होते. तेव्हा तो तंटा विज्ञान विरुद्ध कला असा नव्हताच. पुरावा एकच असताना त्यातून करायचे काय, असा होता. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन विद्यांचे नाते इथे सापडते. समोर काय आहे आणि अमुक केल्यास काय होईल, हे विज्ञान फार नेमकेपणाने सांगते. कुठे थांबावे हे ते सांगत नाही. आणि नुसत्या डोळ्याच्या भरवशावर काम करणाऱ्याला थांबायचे कळले तरी आपण कशावर उभे आहोत ते कळत नाही.

आता याची दुसरी बाजू सांगते, जिथे रसायनशास्त्रज्ञाचे रसायन कमी पडले आणि त्याने प्रामाणिकपणे ते कबूल केले. मिशेल शेव्रल हा चरबी आणि तेले यांच्या रसायनावर मूलभूत काम केलेला फ्रेंच शास्त्रज्ञ. १८२४ मध्ये त्याला पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रित विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख नेमले. तिथे तक्रार अशी होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा रंग फिका, निर्जीव दिसतो, तेव्हा रंगाई सुधारा. शेव्रलने इतर ठिकाणची काळी लोकर आणवली, ताडून पाहिली आणि त्याला आढळले की गोबेलँच्या काळ्यात काही खोट नाही. खोट शेजाराची होती. निळ्याशेजारी ठेवलेला काळा डोळ्याला निळ्याच्या विरुद्ध रंगाची छटा घेतलेला दिसतो आणि म्हणून मेलेला वाटतो. प्रश्न रंगाच्या कढईतला नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यातला होता. यावर त्याने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधाचा ग्रंथ काढला, आणि पुढच्या पिढ्यांतल्या फ्रेंच चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला.

ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही विणकराला नवी वाटणार नाही. पैठणीचा काठ निवडताना आजही मांडीवर दोन रेशमाच्या लडी शेजारी शेजारी ठेवून पाहतात, वेगवेगळ्या पाहत नाहीत. कारागिराला ते हाताने ठाऊक होते, शेव्रलने त्याचा नियम मांडला. असेच उदाहरण तबल्याचे आहे. वाद्ये हा माझा प्रांत नव्हे, म्हणून थोडक्यातच लिहिते. ताणलेल्या साध्या गोल कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून नुसत्या ढोलाचा आवाज घुमतो पण स्वरात लागत नाही. तबला किंवा मृदंगाच्या पुडीवर मध्यभागी चढवलेल्या शाईच्या, म्हणजे काळ्या गोल लेपाच्या, वजनामुळे हे उपस्वर जवळजवळ पूर्णांक पटीत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिले, प्रकाशाच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले त्याच्या दहा वर्षे आधी. शाई एकेक पातळ थर देऊन, घोटून, पुन्हा वाजवून पाहत चढवणाऱ्याने समीकरण मांडले नव्हते, पण त्याचा कान ते सोडवत होता. मला यात कुणी श्रेष्ठ ठरवावेसे वाटत नाही. रामन यांनी जे केले ते कारागिराला करता आले नसते, आणि रामन यांना शाई चढवता आली असती असे वाटत नाही.

आपल्या भाषेत ही दोन घरे वेगळी झाली ती अलीकडेच. पाकशास्त्र, संगीतशास्त्र, शिल्पशास्त्र हे शब्द आपण न अडखळता वापरतो, गाण्यालाच शास्त्रीय म्हणतो. विष्णुधर्मोत्तर या जुन्या संस्कृत पुराणातल्या चित्रसूत्रात आकृतीच्या उभे राहण्याच्या तऱ्हा सांगितल्या आहेत आणि विटांच्या पुडीपासून भिंतीचा लेप कसा करावा तेही सांगितले आहे. लिहिणाऱ्याला विषय बदलला असे वाटलेले दिसत नाही. हरताळ फासणे हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, तो या दोन घरांच्या उंबऱ्यावरच जन्मला. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. पोथी लिहिणारा चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप देई, म्हणजे चूक झाकली जाई आणि वर पुन्हा लिहिता येई; शिवाय ते विषारी असल्याने कसर लागायचे भयही कमी होई. मी पोथ्यांवर काम करताना हरताळाच्या पानाला हात लावण्यापूर्वी हातमोजे घालते, आणि मग त्याचा पिवळा किती सुंदर आहे ते पाहते.

बडोद्यात तर या एकत्र नांदण्याला इमारतच मिळाली होती. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव कलाभवन, आणि तिची धुरा सांभाळली ती त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी. तिथे रंगाई, सुतारकाम, चित्रकला, यंत्रविद्या असे सगळे एका छपराखाली शिकवले जाई. कला या शब्दात तेव्हा हे सर्व मावत होते. याच गज्जरांनी पुढे मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर फासलेले डांबर काढून दाखवले. ते फासण्याचे कृत्य चाफेकर बंधूंचे, म्हणून आपल्या मनात ही हकीकत त्या बाजूनेच राहते. मी मात्र व्यवसायामुळे ती गज्जरांच्या बाजूनेही वाचते. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर त्यात मुरते, आणि आम्लाने घासावे तर दगडच विरघळतो. म्हणजे डांबर ओढून घेणारे आणि दगडाला न दुखवणारे असे काही योजावे लागते. आमच्या व्यवसायाचा तोच पेच.

कलाभवनात सुरुवातीच्या काळात शिकून गेलेले एक विद्यार्थी म्हणजे दादासाहेब फाळके. चित्रकला त्यांनी मुंबईत शिकली होती. बडोद्यात त्यांना छायाचित्रणाची रसायने आणि उपकरणे हाती लागली. नंतर ते राजा रविवर्म्यांच्या शिळाछापखान्यातही होते. शिळाछापाचे तत्त्व इतकेच आहे की तेलकटावर पाणी ठरत नाही आणि ओल्यावर तेलकट शाई चढत नाही. चुनखडीच्या सपाट दगडावर मेणकट खडूने काढलेले चित्र त्या एका गुणावर छापले जाते, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. आपल्या देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती या दगडांवरून आल्या. बडोद्यासाठी रविवर्म्यांनी १४ पौराणिक चित्रे केली, ती पाहायला माणसे राजवाड्यात जातात. छापील लक्ष्मी मात्र माणसांच्या घरी गेली, आणि तिला नेणारे रसायन होते.

व्यवसायात उपकरणे आली, त्यांविषयी एक सावधगिरीची सूचना करते, कारण तरुण मुले त्यांना फार भुलतात. अतिनील दिव्याखाली जुने राळेचे वार्निश हिरवट चमकते आणि नंतर केलेली रंगभरणी काळ्या डागांसारखी दिसते. अवरक्त किरणांनी रंगाखालचे कोळशाचे रेखाटन पाहता येते. क्ष-किरणांवर चालणारे एक हातातले उपकरण चित्राला न खरवडता त्यातली मूलद्रव्ये सांगते. काही वर्षांपूर्वी एका संग्राहकाने १८९० च्या सुमाराचे म्हणून घेतलेले निसर्गचित्र आणले. आकाशात उपकरणाने टायटॅनियम दाखवले. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तेव्हा संग्राहकाचा चेहरा उतरला आणि त्यांच्यासोबत आलेल्या तरुणाने चित्र बनावट असल्याचे जाहीरही करून टाकले. मी अतिनील दिवा लावला. टायटॅनियम होते ते आकाशातल्या एका हाताएवढ्या पट्ट्यात, तिथे कधीतरी रंग उडाला होता आणि कुणीतरी तो भरला होता. बाकी आकाशात शिसे, म्हणजे जुन्या पांढऱ्या रंगातले मूलद्रव्य, होते, जसे असायला हवे होते. शिवाय झाडांच्या बुंध्यात किंचित टायटॅनियम सापडले तेही घाबरण्यासारखे नव्हते, कारण गेरूसारख्या मातीच्या रंगांत ते निसर्गतःच थोडे असते. उपकरण खोटे बोलले नव्हते; त्याला कुठे आणि का हे कुणी विचारले नव्हते. ते विचारण्यासाठी ढगाची कड जुन्या हाताची आहे आणि हा पट्टा आळशी हाताचा आहे, हे आधी दिसावे लागते.

उलट, अगदी गावठी वाटणारी गोष्ट प्रयोगशाळेत खरी ठरते असेही होते. चित्रावरची धूळ-काजळी काढायला आमच्यातले जुने लोक कापसाचा बोळा जिभेला लावून घेत. मीही हेच शिकले. पाहुणे नाक मुरडत. लाळेतले अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) आणि तिचा सौम्यपणा यांमुळे ती खरोखर चांगले सफाईचे द्रव्य आहे, हे पोर्तुगालमधल्या अभ्यासकांनी मोजून दाखवले आणि त्यांना २०१८ मध्ये इग नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मिळाले. थट्टेचे असले तरी निष्कर्ष पक्का आहे. मात्र पान-तंबाखू खाणाऱ्याने हा उपाय करू नये, हे मी माझ्या जबाबदारीवर जोडते.

आता कन्येविषयी. रसायनशास्त्र तिने सोडू नये, आणि चित्र काढणे तर मुळीच सोडू नये. जतनाचे काम करायचे असेल तर दोन्ही लागतात, आणि दोन्ही अर्धवट असून चालत नाहीत. मी पहिल्या बाबतीत बरी आणि दुसऱ्या बाबतीत कच्ची असताना काय झाले ते वर सांगितले आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा १९५० पासून आणि म्युझिऑलॉजीचा म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. दोन्हीकडे जाऊन, वर्गांच्या बाहेर उभे राहून, मुले हाताने काय करतात ते तिने पाहावे. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, ते तिथेच विचारावेत. आणखी एक म्हणजे कमाटीबागेतल्या संग्रहालयात तिला एक सबंध दिवस मोकळे सोडावे. देवमाशाचा सांगाडा आणि युरोपातली तैलचित्रे जिथे एकाच तिकिटात पाहता येतात अशा जागा फार नाहीत. तैलचित्रांच्या दालनात दिवे मंद का आहेत असे तिने कुणाला तरी विचारावे. तैलचित्राला साधारण २०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि कागदावरच्या जलरंगाला ५० लक्स यापेक्षा अधिक उजेड देऊ नये असा संकेत आहे, कारण उजेडाने झालेली हानी साठत जाते, विश्रांतीने भरून येत नाही.

तिला ललितकलेत चित्रकारच व्हायचे असेल आणि जतनाशी काही देणेघेणे नसेल, तरीही माझे उत्तर फारसे बदलत नाही. आपला रंग कशाने धरून राहतो हे न जाणणाऱ्या चित्रकारांची चित्रे वीस वर्षांत माझ्याकडे येतात. पावसाळ्यात बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगलेल्या कॅनव्हासचा सरस मऊ पडतो, कापड आक्रसते, आणि वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. अशा वेळी चित्रकार जिवंत असतो, अनेकदा प्रसिद्धही असतो, आणि त्याला ते कळत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी तिला घरी एक प्रयोग करायला सांगा. त्याला खर्च नाही. जाड पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर डिंकाच्या पाण्यात कालवून तीन रंगांचे पट्टे ओढावेत: एक हळदीचा, एक गेरूचा, एक काजळाचा. पट्टीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने घट्ट झाकून ती दक्षिणेकडच्या खिडकीत लावावी आणि पावसाळ्यानंतरचे स्वच्छ ऊन तिला महिनाभर मिळू द्यावे. झाकण काढल्यावर गेरू आणि काजळ दोन्ही बाजूंना सारखेच दिसतील, आणि हळदीची उघडी बाजू ओळखू न येण्याइतकी फिकट झालेली असेल. हळदीचेच असे का झाले याचे उत्तर तिला रसायनाच्या पुस्तकात सापडेल. मग तिला सांगा की ही पट्टी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रातले पीतांबर आहे, आणि विचारा की उडालेला पिवळा ती पुन्हा भरील की तसाच ठेवील.